आधी शेवटच्या बांधीला

भंडारा जिल्ह्यात पाऊस कमी पडत नाही. वर्षाची सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास जाते. वैनगंगेसारखी मोठी नदी जिल्ह्यातून वाहते, आणि जुन्या मालगुजारी तलावांमुळे या मुलखाला 'तलावांचा जिल्हा' हे नाव पडलं आहे. तरीही धानाचा हंगाम आटोपला की मजुरीसाठी नागपूरकडे आणि त्याही पलीकडे निघणारी कुटुंबं याच जिल्ह्यातली असतात. रेशनच्या तांदळावर ज्यांचा महिना निभतो अशी घरं इथे गावोगावी आहेत. नदीकाठच्या माणसांनाही प्यायच्या पाण्याची काळजी करावी लागते.

गरिबी, भूक आणि अशुद्ध पाणी हे तीन प्रश्न सरकारी कागदांवर तीन वेगवेगळ्या खात्यांत विभागलेले दिसतात. घरात मात्र ते एकत्रच नांदतात. हे समजून घ्यायला पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. तीनही प्रश्नांवरच्या योजना इथे एकाच नदीच्या काठी येऊन भेटतात. त्यांतलं काय साधलं आणि काय राहिलं, हेही इथे स्पष्ट दिसतं.

पाऊस आहे, पण वेळेवर नाही

पूर्व विदर्भातली धानाची शेती पाण्याच्या वेळापत्रकावर चालते. जूनमध्ये परे टाकायचे, महिनाभरात रोपं वाढली की चिखलणी करून रोवणी करायची. रोवणीला बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी उभं असावं लागतं. जुलैत दोन-तीन आठवडे पावसाने पाठ फिरवली तर परे जागेवरच पिवळे पडतात, आणि उशिरा रोवलेल्या धानाचा उतारा घटतो. दुसरी कसोटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. लोंबी भरायच्या वेळी एक पाणी कमी पडलं तर दाणा पोचट राहतो. वर्षाचा एकूण पाऊस सरासरीइतका असूनही पीक बुडू शकतं, ते असं.

एका हंगामाचं धान गेलं की घरावर एकामागून एक संकटं येतात. पेरणीसाठी काढलेलं कर्ज अंगावर राहतं, घरी खायला ठेवायचा तांदूळ कमी पडतो, आणि शेतात काम नसल्याने मजुरीही जाते. शेतमजुराला दुष्काळाचा फटका शेतकऱ्याच्या आधी बसतो, कारण त्याच्याकडे साठा नसतोच.

म्हणून इथे गरिबीवरचा पहिला उपाय म्हणजे हमखास पाण्याची सोय. पूर्वजांनी तो तलाव बांधून केला होता. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने उतार ओळखून, पाळ घालून, एकाचं सांडलेलं पाणी दुसऱ्यात जाईल अशी तलावांची मांडणी केली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे काही हजार तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडचे 'मामा तलाव' झाले. मालकी बदलली, पण गाळ काढायची, पाळ दुरुस्त करायची जुनी गावकी मोडली आणि तिच्या जागी तेवढीच पक्की दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. तलाव उथळ होत गेले, तशी मोठ्या धरणाची मागणी वाढत गेली.

भिंत आणि कालवा

गोसीखुर्दच्या धरणाला शासनाची मंजुरी १९८३ मध्ये मिळाली. अंदाजित खर्च होता ३७२ कोटी रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि प्रकल्पाला 'इंदिरासागर' हे नाव मिळालं. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, ३३ दरवाजे, १,१४६ दशलक्ष घनमीटर एकूण साठा आणि त्यातला ७४० दशलक्ष घनमीटर उपयुक्त, असा हा विदर्भातला सर्वांत मोठा सिंचन प्रकल्प. त्यातून एकूण २,५०,८०० हेक्टरला पाणी द्यायचं ठरलं. जिल्हावार वाटणी अशी होती: चंद्रपूर १,४३,६७२ हेक्टर, भंडारा ८७,६४७ आणि नागपूर १९,४८१.

हे पाणी शेतात कसं पोचणार, ते पाहण्यासारखं आहे. धरणातून दोन मुख्य कालवे निघतात. डावा सुमारे २३ किलोमीटरचा, तर उजवा सुमारे ९९ किलोमीटर धावून चंद्रपूर जिल्ह्यातल्या इंग्रजकालीन असोलामेंढा तलावापर्यंत जातो. जलाशयाच्या वरच्या अंगाची शेतं कालव्याच्या पातळीपेक्षा उंच असल्याने तिथे पाणी पंपाने उचलावं लागतं. त्यासाठी टेकेपार, आंभोरा, नेरला आणि मोखाबर्डी या उपसा सिंचन योजना आखल्या गेल्या. मुख्य कालव्यातून शाखा कालवे, त्यांतून वितरिका, वितरिकांतून लघुकालवे आणि अगदी शेवटी शेताच्या बांधापर्यंत नेणाऱ्या पाटचऱ्या फुटतात. धरणाची भिंत डोळ्यांत भरते, पण शेतकऱ्याचं भवितव्य या शेवटच्या पाटचरीवर ठरतं.

भिंत २००८ पर्यंत उभी राहिली. पाटचऱ्या मात्र मागे राहिल्या. भूसंपादन रखडलं, निधी तुकड्या-तुकड्यांनी आला, काही कामांचा दर्जा इतका वाईट निघाला की कालव्याचं अस्तर पुन्हा करावं लागलं. शासनाने नेमलेल्या मेंढेगिरी समितीने या त्रुटींवर बोट ठेवलं, महालेखापालांच्या अहवालांनी ताशेरे ओढले, आणि पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हेही नोंदवले. २००९ मध्ये केंद्राने गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला, त्यामुळे पैशाची चणचण कमी झाली. तोवर खर्चाचे अंदाज मात्र वाढतच गेले होते. पुढे तिसऱ्यांदा सुधारलेला आकडा १८,४९४ कोटींवर गेला, म्हणजे मूळ अंदाजाच्या जवळपास पन्नास पट.

महागाई आणि कामाचा वाढलेला व्याप धरूनही ही वाढ मनाला बोचते. त्याहून मोठं नुकसान कोणत्याच अंदाजपत्रकात मांडलेलं नाही. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेल्या मुलाने आपलं संपूर्ण शिक्षण आणि निम्मं कामाचं आयुष्य कोरडवाहू बांधीवर काढलं, तर त्याच्या घरातून गेलेल्या उत्पन्नाची भरपाई कोणी करत नाही. उशीर हा गरिबावरचा सर्वांत जड कर आहे.

जिथे पाणी पोचलं, तिथे फरक दिसतो. रोवणी वेळेवर होते, लोंबी भरताना शेवटचं पाणी मिळतं, काही ठिकाणी उन्हाळी धानही निघतं. या प्रकल्पावर टीका करतानाही हे मान्य करायला हवं. कालवे अपुरे राहिल्याची चीड येते, कारण पोचलेल्या पाण्याचं मोल गावांनी पाहिलेलं आहे.

ज्यांच्या अंगणात पाणी आलं

भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं तेव्हा नागपूर जिल्ह्यातली ५१ आणि भंडारा जिल्ह्यातली ३४, अशी ८५ गावं पूर्णपणे बाधित ठरली. वैनगंगाकाठची कसदार जमीन, नदीतली मासेमारी, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार यांतलं पुष्कळ काही पाण्याखाली गेलं.

महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ मध्ये कायदा केला, तेव्हा असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य होतं. नव्या गावठाणात पिण्याचं पाणी, शाळा, रस्ते, वीज, गटारं, स्मशानभूमी अशा १८ नागरी सुविधा द्यायच्या, हे या व्यवस्थेत ठरलेलं आहे. कागद उत्तम होता. पण गोसीखुर्दच्या अनेक नव्या गावठाणांत घरं आधी आली आणि सुविधा मागून आल्या, त्याही अर्धवट. जुन्या दराने मिळालेला मोबदला नवी जमीन घ्यायच्या वेळेपर्यंत अपुरा पडला. प्रकल्पग्रस्तांनी मोर्चे काढले, धरणं धरली, पाण्यात उभं राहून सत्याग्रह केला. अखेर २०१३ मध्ये राज्य सरकारने सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर केलं. सुमारे १५ हजार कुटुंबं त्यात धरली गेली. नोकरीऐवजी रोख रक्कम हाही त्याचा भाग होता.

रोख रकमेने निकडीचं कर्ज फिटतं, घराची भिंत पुरी होते. पण ज्या जमिनीवर वर्षाचं धान पिकत होतं, तिची जागा एकदाच मिळणारा पैसा घेऊ शकत नाही. जागतिक धरण आयोगाने २००० सालच्या अहवालात जगभरात धरणांमुळे ४ ते ८ कोटी माणसं विस्थापित झाल्याचं म्हटलं होतं. त्या अहवालाचा गाभा असा होता की धरणाचा लाभ एका माणसाला आणि भार दुसऱ्याला, अशी वाटणी चालू राहिली तर प्रकल्पाचा हिशेब पुरा होतच नाही. गोसीखुर्दला हे शब्दशः लागू पडतं. गरिबी हटवण्यासाठी काढलेल्या प्रकल्पाने कोणाला नव्याने गरीब करू नये, ही त्याची पहिली अट मानली पाहिजे.

धानापासून रेशनच्या थैलीपर्यंत

भुकेवरच्या योजनेचा प्रवासही याच बांधीतून सुरू होतो. आधारभूत किंमत खरेदी केंद्रावर शेतकरी धान आणतो. पणन महासंघ आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ ते विकत घेतं. भरडाईसाठी धान राइस मिलकडे जातं. सरकारच्या ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे एक क्विंटल धानामागे मिलने ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. तोच तांदूळ गोदामात आणि तिथून रेशन दुकानात पोचतो.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या धान्याला हक्काचं रूप दिलं. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोकांना हा कायदा लागू होतो. थोडा हिशेब करून पाहू. सगळं धान्य तांदळाच्या रूपात दिलं असं धरलं, तर एका क्विंटल धानातून निघालेल्या ६७ किलोंमध्ये १३ माणसांचा महिन्याचा वाटा निघतो. भंडाऱ्याच्या एका बांधीचं पाणी किती ताटांशी जोडलेलं आहे, ते यावरून कळतं.

या साखळीतही दुखणी आहेत. खरेदी केंद्र उशिरा उघडलं तर हाताला पैसा हवा असलेला लहान शेतकरी हमीभावापेक्षा कमी दराने व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा होतो. अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटला नाही, नव्या सुनेचं किंवा लेकराचं नाव कार्डावर चढलं नाही, की त्या माणसाचा वाटा अडतो. आणि ५ किलो धान्याने पोट भरलं तरी पोषण पूर्ण होत नाही. डाळ, भाजी, अंडं, दूध, मासळी यांची जागा तांदूळ घेऊ शकत नाही. म्हणून १९७५ पासूनची अंगणवाडीची व्यवस्था आणि शाळेतलं दुपारचं जेवण यांचं महत्त्व रेशनइतकंच आहे. धान निघायच्या आधी ओलीवर टाकलेली लाखोळी, बांधावरची तूर, तलावातली मासोळी हे या भागाचं जुनं पोषण होतं. तलाव जिवंत राहिले तर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची रोजी राहते आणि गावाच्या ताटात प्रथिनंही येतात.

कामाचा हक्क

तलावांच्या दुरुस्तीचं साधन महाराष्ट्राने फार पूर्वी घडवून ठेवलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा त्याचा आधार. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून खेड्यातल्या मजुरीची तजवीज करायची, ही त्यातली समाज बांधणारी कल्पना होती. पुढे २००५ मध्ये देशाने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभवच त्याच्या पाठीशी होता.

भंडारा जिल्ह्यात या योजनेतून तलावांचा गाळ निघाला, बोड्या (लहान तळी) खोदल्या गेल्या, पांदण रस्ते झाले. उन्हाळ्यात मजुराच्या हाताला काम मिळालं आणि त्याच कामातून पुढच्या खरिपासाठी पाणी साठलं. रोजी, पाणी आणि धान्य या तिघांना एकाच कामात जोडणारी याच्याइतकी सरळ योजना दुसरी नाही. अट एवढीच की मजुरी वेळेवर खात्यात जमा झाली पाहिजे. ती महिनोन्‌महिने रखडली की मजूर पुन्हा शहराची वाट धरतो.

नळ आला, पाण्याचं काय?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातल्या जेमतेम १७ टक्के ग्रामीण घरांत नळ होता. प्रत्येक घरी, दर माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी हे मिशनचं उद्दिष्ट. गावाच्या पाणी समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात आणि प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचं साधं प्रशिक्षण द्यावं, हे त्यातले शहाणपणाचे भाग आहेत. पूर्व विदर्भात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. ते चव किंवा रंगावरून कळत नाही, पण मुलांचे दात आणि मोठ्यांची हाडं बिघडवतं. अशा ठिकाणी गावातच तपासणी करता येणं फार मोलाचं आहे.

गोसीखुर्दच्या परिसरात मात्र प्रश्न नळाच्या फार वर सुरू होतो. नागपूरच्या अंबाझरी परिसरातून निघणारी नाग नदी शहराचं सांडपाणी पोटात घेऊन पूर्वेला वाहते, कन्हानला मिळते, आणि कन्हान वैनगंगेला. वाहत्या नदीत घाण काही प्रमाणात विरते, पुढे जाते. धरणाने पाणी अडवलं तसा हा मैला जलाशयात साचू लागला. जलकुंभी पसरली, पाण्याला वास येऊ लागला. जलाशयाची फुगवट भंडारा शहराजवळच्या कारध्यापर्यंत पोचते, त्यामुळे वैनगंगेवर तहान भागवणाऱ्या शहराला आणि गावांना त्याची झळ बसली. शहरात नाल्यात सोडलेलं पाणी खाली शंभर किलोमीटरच्या आत कोणाच्या तरी घागरीत येतं, हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही.

उपाय आहे आणि त्याचा काही भाग नागपूरने करून दाखवला आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना देशात नावाजली गेली. सुरुवातच रोज १३ कोटी लिटरची होती. वीज केंद्राला थंडाव्यासाठी लागणारं तेवढं चांगलं पाणी वाचतं आणि नदीत जाणारी घाणही कमी होते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटींच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. शहराचं सांडपाणी शुद्ध करण्यावर होणारा हा खर्च भंडारा आणि पवनीच्या पिण्याच्या पाण्यावरचा खर्चही समजला पाहिजे. खेड्यातल्या जलशुद्धीकरण केंद्राने शहराची घाण निस्तरत बसावं, ही वाटणी न्यायाची नाही.

आधी कोणाला?

आता गोसीखुर्दचं पाणी आणखी दूर न्यायचं ठरलं आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गोसीखुर्दपासून बुलडाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटरची ही वाट असेल. तीतून नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या ३ लाख ७१ हजार हेक्टरला पाणी मिळेल, असा आराखडा आहे. खर्च ८८ हजार कोटींच्या पुढे. पश्चिम विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याने सोसलेलं पाहता त्याला पाणी मिळावं, याबद्दल दुमत असू नये. पण त्या आधी मूळ लाभक्षेत्रातल्या पाटचऱ्या पूर्ण झाल्या पाहिजेत आणि पुनर्वसित गावठाणांचं देणं फिटलं पाहिजे. भिंतीलगतच्या गावाने आपल्या नजरेसमोरून जाणारं पाणी फक्त पाहत राहावं, ही पाळी त्याच्यावर येऊ नये.

सिंचन व्यवस्थापनात एक जुना नियम आहे: पाणी सोडलं की पाळी शेवटाकडून सुरू करायची. टोकाच्या शेतकऱ्याचं भिजणं झालं की मग वरच्याचं. वरच्यापासून सुरुवात केली तर शेवटच्याला उरत नाही, हा पिढ्यांचा अनुभव या नियमामागे आहे. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देणारा कायदा केला. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी भरायची आणि वाटप आपसांत ठरवायचं, हा अधिकार त्याने संस्थांना दिला. जिथे या संस्था जिवंत आहेत, तिथे शेवटच्या शेतकऱ्याला बोलायला जागा असते.

हाच नियम सगळ्या कल्याणकारी योजनांना लावला पाहिजे. धरणाचं यश साठ्यावर न मोजता शेवटच्या पाटचरीत रोवणीच्या आठवड्यात पाणी होतं का, यावर मोजावं. पुनर्वसनाचं यश वाटलेल्या रकमेवर न मोजता दहा वर्षांनी त्या कुटुंबाचं उत्पन्न पूर्वीपेक्षा वाढलं का, यावर मोजावं. रेशनसाठी कार्ड नसलेल्या घराची, नळासाठी मे महिन्यातल्या पाण्याची आणि नदीसाठी शहराच्या खालच्या गावातल्या पाण्याची तपासणी करावी. ही मोजमापं अवघड नाहीत. ग्रामसभेत ती वर्षातून दोनदा वाचून दाखवता येतील, आणि ज्याच्यापर्यंत काही पोचलं नाही त्याचं नाव आधी घेता येईल.

गोसीखुर्दमध्ये पैसा, तंत्रज्ञान, कायदे यांतलं काहीच अगदी नव्हतं असं म्हणता येणार नाही. उणीव होती ती क्रमाची. भिंत आधी आणि गावठाण मागून, कालवा आधी आणि पाटचरी मागून, शहराचा विस्तार आधी आणि सांडपाण्याची सोय मागून. हा क्रम उलटा करणं सरकारच्या हातात आहे, आणि तसं करायला लावणं आपल्या हातात. पुढच्या प्रत्येक योजनेच्या पहिल्याच पानावर शेवटच्या लाभधारकाचं नाव आणि त्याच्यापर्यंत पोचायची तारीख लिहायला लावली, तर गोसीखुर्दच्या तीन पिढ्यांनी दिलेली किंमत पुढच्यांच्या कामी येईल.